नाणी तोलणारा गणिती : दा. ध. कोसंबी

आजकाल हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावा, विषय एकच. असाइनमेंट एआयने करायची, रेझ्युमे एआयने लिहायचा, आणि मग मेसमध्ये आमटी-भात खाताना काळजी करायची की आपण पास आऊट होईपर्यंत नोकऱ्या शिल्लक राहतील का! या गप्पांमध्ये जी नावं निघतात ती सगळी लांबची. ट्युरिंग, मॅकार्थी, हिंटन. गावंही लांबचीच. केंब्रिज, टोरांटो, कॅलिफोर्निया. आपल्या बाजूचं कुणीच नाही, असं मलाही वाटायचं.

मशीन लर्निंग शिकताना एक प्रमेय समोर येतं, कारुनेन-लोएव्ह एक्स्पान्शन. परीक्षेला पाच मार्कांना येतं, म्हणून आपण पाठ करतो आणि पुढे जातो. त्याबद्दल थोडं जास्त वाचलं तेव्हा कळलं की कारुनेन आणि लोएव्ह या दोघांच्याही आधी, १९४३ साली, हेच गणित पुण्यात राहणाऱ्या एका माणसाने छापलं होतं. तो माणूस गोव्यात जन्मला होता, फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवत होता, आणि फावल्या वेळात जुनी चांदीची नाणी तराजूत तोलत होता. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

इतिहासवाल्यांना हे नाव चांगलं माहीत आहे. इंजिनीअरिंगवाल्यांना नाही. म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी घरात बोलण्यापुरती आणि शाळेत एका विषयापुरती. त्यामुळे इथे पुस्तकी मराठी कमी आणि हॉस्टेलची मराठी जास्त सापडेल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बापसे बेटा

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबें गावचा. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी वडिलांबद्दल सांगायला हवं. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या एका साध्या घरातले. बुद्धाबद्दल वाचलं आणि हा धर्म मुळातून शिकायचाच, या एका वेडापायी ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, जिथे शिकायला मिळेल तिथे गेले, कितीतरी वाट पायी चालले. पाली भाषेचे ते एवढे मोठे पंडित झाले की अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं. कुठलीही मोठी डिग्री नसताना!

१९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत घेऊन गेले. दामोदरचं शाळेचं शिक्षण तिकडच्या केंब्रिज गावात झालं आणि मग हार्वर्डमध्येच प्रवेश मिळाला. तिथे गणितात जॉर्ज बर्कहॉफसारखे शिक्षक भेटले आणि नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली. हे तेच वीनर, ज्यांनी १९४८ साली सायबरनेटिक्स नावाचं शास्त्र मांडलं. यंत्र आणि सजीव दोघेही फीडबॅकवर चालतात हा विचार त्यांनी केला, आणि आज आपण ज्याला एआय म्हणतो त्याच्या पायातला तो एक दगड आहे.

१९२९ साली कोसंबी हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. गणित तर होतंच, शिवाय ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा येत होत्या. संस्कृत, पाली घरचीच. पण एक गंमत लक्षात ठेवा. त्यांनी पीएचडी कधीच केली नाही. शेवटपर्यंत ते बीएच राहिले. (आमच्या सरांनी हे वाक्य वाचून रागावू नये.)

परत येऊन त्यांनी आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. मग १९३१ साली आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून ते अलीगढला गेले. वेय हे पुढे फार मोठे झाले, पण तेव्हा ते विशीतले होते आणि खोडकर होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला, ज्यात बूर्बाकी नावाच्या एका गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयाचा हवाला होता. असा गणितज्ञ नव्हताच! सगळी चेष्टा होती. काही वर्षांनी फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांनी याच खोट्या नावाने पुस्तकं लिहायला सुरुवात केली आणि बूर्बाकी हे नाव जगप्रसिद्ध झालं. छापील गणितात ते नाव पहिल्यांदा आलं ते आपल्या कोसंबींच्या निबंधात. आपण सबमिशनमध्ये खोटे रेफरन्स टाकतो त्याला मात्र असं भाग्य लाभत नाही.

तराजू आणि चांदीची नाणी

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले आणि बारा वर्षं तिथे राहिले. १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिक मिळालं. काम होतं वक्रांच्या भूमितीवर. पण मग त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि ते नुसतं पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखाद्या खऱ्या प्रश्नावर वापरून शिकावं असं त्यांनी ठरवलं. प्रश्न निवडला तो जुन्या नाण्यांचा.

तक्षशिलेला जमिनीत पुरलेल्या नाण्यांचे साठे सापडले होते. चांदीचे तुकडे, त्यावर ठोकलेली चिन्हं, पण राजाचं नाव नाही, साल नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे कसं ठरवायचं? इतिहासकार चिन्हं बघून तर्क करत होते. कोसंबींनी तराजू काढला.

विचार अगदी आपल्यासारखा, इंजिनीअरचा आहे. नाणं बाजारात फिरतं, हातोहात जातं, तेव्हा दर वेळी अगदी थोडी चांदी झिजते. एका नाण्याचं काय होईल ते सांगता येत नाही. एखादं घरात पडून राहतं, एखादं रोज फिरतं. पण एकाच गटातली पुष्कळ नाणी तोलली तर दोन गोष्टी दिसतात. जसा काळ जातो तसं सरासरी वजन कमी होतं, आणि वजनांमधला फरक वाढत जातो. म्हणजे मीन खाली, व्हेरियन्स वर. हे खरं आहे का ते तपासायला त्यांनी स्वतःच्या काळातली, साल छापलेली नाणीही तोलली. त्यावर नियम बरोबर बसतो हे पाहिलं, आणि मगच तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांना लावला.

थांबा आणि बघा इथे काय झालं. ज्याचं उत्तर माहीत आहे अशा डेटावर आधी मॉडेल तपासलं, मग ज्याचं उत्तर माहीत नाही अशा डेटावर चालवलं. आज आपण यालाच ट्रेनिंग आणि टेस्टिंग म्हणतो, लायब्ररी इम्पोर्ट करतो आणि दोन ओळींत उरकतो. कोसंबींनी हे हजारो नाणी एकेक करून तोलून केलं. कॉम्प्युटर नव्हता. तराजू, वही आणि चिकाटी.

भरती-ओहोटीचं गणित

आता येते १९४३ ची गोष्ट. जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, विषय फंक्शनच्या अवकाशातलं संख्याशास्त्र. नाव ऐकून घाबरू नका. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्या दारातच उदाहरण आहे.

समजा आपण रेवसच्या जेट्टीवर बसलो आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची लिहिली. दिवसाला १४४ आकडे. त्यांचा ग्राफ काढला तर त्या दिवसाचा एक वक्र मिळाला. वर्षभर बसलो तर ३६५ वक्र, म्हणजे ५२,५६० आकडे. ढीगच! पण कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाला एवढे आकडे लागत नाहीत. तो तिथी ऐकतो आणि सांगतो की आज उधाण आहे की भांग, आणि पाणी किती वाजता चढेल. म्हणजे दिसायला ३६५ वेगवेगळे वक्र असले तरी आत मोजके मूळ आकार आहेत. रोजचा वक्र म्हणजे त्या मूळ आकारांचं कमी-जास्त प्रमाणातलं मिश्रण.

कोसंबींच्या गणिताने हेच काम पद्धतशीर होतं. कुणी उधाण-भांग शिकवलं नसलं तरी फक्त वक्रांच्या ढिगातून ते मूळ आकार शोधता येतात. सगळ्यात महत्त्वाचा पहिला, त्यानंतरचा दुसरा, असे क्रमाने. आणि ते असे निवडले जातात की थोडेच आकार वापरूनही चूक कमीत कमी राहते. तुम्ही एम-थ्रीला शिकलात ते आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर इथे कामाला येतात. मर्यादित आकड्यांसाठी अशी कल्पना पिअर्सनने १९०१ साली आणि हॉटेलिंगने १९३३ साली मांडली होती. पूर्ण वक्रांसाठी, फंक्शनसाठी, ती मांडणाऱ्यांत कोसंबी पहिले. फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांचं काम १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलं.

मग नाव त्यांचं का नाही? १९४३ म्हणजे दुसरं महायुद्ध चालू. भारतातलं नियतकालिक युरोप-अमेरिकेत किती पोचणार? आणि कोसंबींचा स्वभाव असा की एक विषय झाला की दुसरा. आपलं काम घेऊन पुढे जाणारी शिष्यांची फळी त्यांनी या विषयात उभी केली नाही. अलीकडे मात्र काही ठिकाणी हे प्रमेय कोसंबी-कारुनेन-लोएव्ह या नावाने दिसायला लागलं आहे.

या गणिताचं पुढे काय झालं ते बघा. १९६७ साली लम्ली यांनी ते वाहत्या हवेतल्या आणि पाण्यातल्या खळबळीच्या अभ्यासाला लावलं. मेकॅनिकलवाल्यांना ते टर्ब्युलन्समध्ये भेटतं. १९८७ साली सिरोविच आणि कर्बी यांनी ते माणसांच्या चेहऱ्यांना लावलं. शंभर गुणिले शंभर पिक्सेलचा फोटो म्हणजे दहा हजार आकडे, पण मूळ चेहरे शोधून काढले तर चाळीस-पन्नास आकड्यांतही चेहरा बऱ्यापैकी उभा राहतो. १९९१ साली टर्क आणि पेंटलंड यांनी यावरूनच चेहरा ओळखणारी सिस्टिम केली, आयगेनफेस म्हणतात ती. एआयने माणसाचा चेहरा ओळखायला शिकण्याच्या वाटेवरची ती एक मोठी पायरी होती. आज चेहरा ओळखायला डीप लर्निंग वापरतात, पण पसाऱ्यातून मोजक्या दिशा शोधायच्या हा विचार गेलेला नाही. प्रचंड मोठं लँग्वेज मॉडेल आपल्या कामासाठी थोडं वळवायचं असेल तर २०२१ साली आलेली लोरा नावाची पद्धत वापरतात. त्यात अब्जावधी आकडे न बदलता मोजक्या दिशांमध्येच बदल करतात. सूत्र वेगळं आहे, पण जातकुळी तीच.

१९४४ साली कोसंबींनी आणखी एक छोटा निबंध लिहिला, जनुकांमधलं अंतर कसं मोजायचं यावर. कोसंबी मॅपिंग फंक्शन या नावाने ते आजही पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकशास्त्रात वापरतात. त्यात हायपरबोलिक टॅन येतो. न्यूरल नेटवर्कमधला आपला ओळखीचा टॅनएच! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला वाचून मजा वाटली.

डेक्कन क्वीन आणि दहा केबी

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि होमी भाभांनी कोसंबींना गणितासाठी तिथे बोलावून घेतलं. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. वर्षानुवर्षं ते डेक्कन क्वीनने जा-ये करत. म्हणजे बोरघाट उतरून कर्जत-नेरळ करत ते आपल्याच जिल्ह्यातून जात होते. तेव्हा त्याचं नाव कुलाबा जिल्हा होतं, रायगड झालं १९८१ साली. गाडीत ते वाचन आणि लेखन करत.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले. विषय, इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रं! जगात स्टोअर्ड प्रोग्रॅमवर चालणारा पहिला कॉम्प्युटर मँचेस्टरला जून १९४८ मध्ये चालला. त्याच वर्षी एक भारतीय गणितज्ञ हाच विषय शिकायला बाहेर पडला होता. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूटमध्ये जवळजवळ दोन महिने काढले. तिथे फॉन नॉयमन होते, ज्यांच्या आर्किटेक्चरचा ब्लॉक डायग्राम आपण दर सेमिस्टरला काढतो.

पुढे याच टाटा संस्थेत रं. नरसिंहन यांच्या गटाने भारतातला पहिला मोठा देशी कॉम्प्युटर बांधला. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ साली त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि मेमरी ४० बिटांचे २,०४८ शब्द. हिशोब करा, बरोबर १० केबी. आपण सकाळी पाठवतो त्या गुड मॉर्निंगच्या फोटोलाही ती पुरणार नाही. नरसिंहन स्वतः पुढे पॅटर्न रेकग्निशन आणि एआयकडे वळले. म्हणजे आपल्याकडे एआयची गोष्ट चॅटजीपीटी आलं तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली असं नाही. ती मुंबईत साठ वर्षांपूर्वीच चालू होती.

मात्र टिफ्रॅक कोसंबींनी बांधला नाही, हेही सांगायला हवं. तोपर्यंत ते इतिहासात खोल गेले होते. १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. राजांच्या याद्या बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की लोक काय पिकवत होते, कुठल्या वाटेने माल नेत होते, नांगर कसा होता. त्यासाठी ते पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी फिरले. दगडाची बारीक हत्यारं वेचली, गावदेवतांबद्दल गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारलं. कार्ल्याच्या लेण्यांचा आणि तिथल्या देवीचा त्यांनी अभ्यास केला. आपल्या किनाऱ्यावरचे आगरी-कोळी चैत्रात पालख्या घेऊन ज्या एकवीरेला जातात, तीच ही देवी. भर्तृहरीच्या श्लोकांसाठी त्यांनी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली आणि खरा पाठ कुठला ते ठरवलं. डेटा क्लीनिंग म्हणजे काय ते तिथे बघावं.

जे जमलं नाही ते

आता थोडं अवघड. मोठ्या माणसांच्या चरित्रात आपण फक्त बक्षिसं सांगतो. कोसंबींच्या आयुष्यात एक मोठा पराभवही आहे आणि तो आपल्या विषयाशी जोडलेला आहे.

१९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी रीमान हायपोथिसिस सिद्ध केल्याचा दावा केला. गणितातला हा सगळ्यात अवघड प्रश्न, १८५९ पासूनचा, आजही सुटलेला नाही. कोसंबींनी त्याला संभाव्यतेने हात घातला. मूळ संख्या जणू यदृच्छेने पडल्या आहेत असं धरून त्यांनी मांडणी केली आणि ती शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. जाणकारांनी सांगितलं की यात फट आहे. जे बहुधा खरं असेल ते नक्की खरं आहे असं त्यावरून ठरत नाही. कोसंबी मात्र मागे हटले नाहीत. त्यांच्या नावाला याचा फार धक्का बसला.

दुसरीकडे भाभांशीही पटेनासं झालं होतं. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते, अणुशक्तीवर उघड टीका करत होते, आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्याच्या ऊर्जेवर संशोधन करावं असं १९५० च्या दशकातच लिहीत होते. भाभा म्हणजे भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख! १९६२ साली टाटा संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली. १९६४ साली सीएसआयआरने त्यांना पुण्यात मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यात झोपेतच हृदय बंद पडून ते गेले. वय ५८. पुढे भारत सरकारने ३१ जुलै २००८ रोजी त्यांचं टपाल तिकीट काढलं.

हे सगळं वाचून मला जे वाटलं ते सांगते. रीमानच्या बाबतीत जे झालं ते आजच्या एआयकडे बघताना रोज आठवण्यासारखं आहे. लँग्वेज मॉडेल काय करतं? पुढचा शब्द बहुधा कुठला असेल ते काढतं. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं, कधीकधी साफ खोटं, पण दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने. बहुधा आणि नक्की यांच्यातली ही दरी कोसंबींसारख्या माणसालाही ओलांडता आली नाही. एआय संशोधनाची पुढची मोठी लढाई इथेच आहे. यंत्राने आपलं उत्तर तपासायचं कसं, सिद्धता कुठे आणि अंदाज कुठे हे सांगायचं कसं. पुलाचं डिझाइन करणाऱ्या सिव्हिलवाल्याला बहुधा चालत नाही.

विजेचंही तेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातल्या डेटा सेंटर्सना सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज लागली, म्हणजे जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का. एआयमुळे ती वाढणार आहे. अशा वेळी मोठ्यातलं मोठं मॉडेल बनवायचं की मोजक्या दिशा शोधून छोट्यात काम भागवायचं, हा प्रश्न पैशाचा आहे तसा विजेचाही आहे. वीज उन्हातून घ्यायची की अजून कुठून, हा प्रश्न तर कोसंबी सत्तर वर्षांपूर्वी विचारत होते.

आपल्या किनाऱ्याचा डेटा

तिसरी गोष्ट सगळ्यात जवळची. २०१२ साली डीप लर्निंगने बाजी मारली ती इमेजनेटवर, म्हणजे माणसांनी एकेक करून नाव दिलेल्या सुमारे बारा लाख फोटोंवर. कुणीतरी बसून ते काम केलं म्हणून पुढचं झालं. कोसंबींनीही आधी नाणी तोलली, मग सूत्र लावलं. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम कुलाब्याहून इथे आणलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी न कंटाळता नोंद ठेवली, म्हणून आज त्याला जगात किंमत आहे.

आता भाषेकडे बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते. भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२ पासून चालू आहे, आयआयटी मद्रासचा एआय-फोर-भारत गट भारतीय भाषांवर चांगलं काम करतो आहे, आयआयटी मुंबईने मराठी वर्डनेट केलं. हे सगळं आहे. पण माझ्या रूममेटची आजी रेवदंड्याची. ती मोबाईलमध्ये बोलते तेव्हा समोर भलतंच टाइप होतं, कारण तिची मराठी ही पुण्याची मराठी नाही. डोल, खाजण, उधाण, भांग, जवळा, मांदेली हे शब्द ती जसे उच्चारते तसे कुठल्या मॉडेलने पुरेसे ऐकलेलेच नाहीत. आजी म्हणते यंत्र ठोंब आहे. यंत्र ठोंब नाही, त्याला कुणी ऐकवलं नाही.

ते ऐकवायला कॅलिफोर्नियाहून कुणी येणार नाही. इथे आपण आहोत. आपल्यापैकी निम्मी मुलं अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन बाजूची, घरी आगरी नाहीतर कोळी बोलणारी, आणि कॉलेजात आलं की ती बोली गेटबाहेर ठेवणारी. मी तर शाळेपासूनच इंग्रजीत. म्हणून हे मी दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाही. पण ज्या माणसाचं शालेय शिक्षण अमेरिकेत झालं, ज्याने आयुष्यभर बहुतेक सगळं इंग्रजीत लिहिलं, तो माणूस पुण्याच्या डोंगरावर गुराख्यापाशी बसून देवाचं नाव विचारत होता आणि वहीत लिहून घेत होता. मग आपल्याला काय अडचण आहे?

काम फार मोठं नाही. मोबाईलमध्ये रेकॉर्डर आहे. आजी-आजोबांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, पंधरा मिनिटं बोलतं करायचं. मासे, जाळी, शेती, वारा, भरती, काहीही. मग जसं बोलले तसं देवनागरीत लिहून काढायचं, पुण्याचं न करता. कुणाचंही नाव-गाव बाहेर द्यायचं नाही. शंभर जणांनी पंधरा-पंधरा मिनिटं केलं तर पंचवीस तास झाले. मोठं मॉडेल त्यातून उभं राहणार नाही, पण असलेलं मॉडेल आपल्या बाजूला थोडं वळवायला एवढ्यानेही सुरुवात करता येते. वळवायची पद्धत आहे, मोजक्या दिशांचं गणित आहे. नाही ती फक्त नोंद.

थर्ड इयरच्या आम्ही चौघींनी फायनल इयर प्रोजेक्टसाठी हाच विषय द्यायचं ठरवलं आहे. प्लेसमेंटला याचा उपयोग काय असं सीनियर्स विचारतात. उत्तर आत्ता तरी आमच्याकडे नाही. नाणी तोलताना कोसंबींकडेही नसावं. कुणाला सोबत यायचं असेल, ब्रँच कुठलीही चालेल, स्टाफपैकी कुणी आपल्या गावच्या माणसांशी गाठ घालून देणार असेल तर फारच उत्तम, त्यांनी मासिकाच्या मराठी विभागाकडे नाव द्यावं. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या घरापासून सुरुवात करायची आहे.